सावंतवाडीची चतुर्थी आणि पडवीतलं टेबल

बेंगळुरूत नोकरी करणाऱ्या कोकणी मुलीला दरवर्षी ऑफिसात एक गोष्ट समजावून सांगावी लागते. दिवाळीला सुट्टी नाही मिळाली तरी चालेल, पण गणेश चतुर्थीला मिळालीच पाहिजे. घर कुलूपबंद असो, भाऊबंदकी असो, पाऊस कोसळत असो, चतुर्थीला आमच्याकडचा माणूस गाव गाठतोच. यंदा मीही नेहमीसारखी गेले. फक्त या वेळी कपड्यांच्या बॅगेत एक मोजपट्टी होती आणि डोक्यात एक टेबल.

झालं असं, की लेख लिहिणं हेच माझं काम. सणासुदीच्या तोंडावर 'टेबल कसं सजवाल' या विषयावर मी आजवर कितीतरी लेख लिहिलेत. मेणबत्त्या, काचेचे ग्लास, नॅपकिनची फुलं, सगळं लिहून झालंय. आणि आमच्या गावच्या घरात जेवणाचं टेबलच नाही! तिथे पंगत बसते. पडवीत सारवलेल्या जमिनीवर ओळीने पाट आणि समोर केळीची पानं. मला ती पंगत मनापासून आवडते. पण गेल्या वर्षी एक गोष्ट खटकली. आजीचे गुडघे आता वाकत नाहीत. सगळे पंगतीत हसत-खिदळत जेवत होते, आणि आजी आतल्या खोलीत पलंगावर बसून, स्टुलावर ठेवलेल्या ताटातून एकटीच जेवत होती.

घरी परत येताना बसमध्ये मी आठवायचा प्रयत्न केला, की मी आजीला जेवताना शेवटचं कधी पाहिलं. आठवेना. कारण गुडघे धड होते तेव्हाही ती सगळ्यांचं झाल्यावरच बसायची. "तुमी जेवा रे, मी मागीर जेवतंय," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. तिच्यासमोर वाढलेलं पान मात्र मी कधी पाहिलंच नव्हतं.

आंबोलीचा घाट उतरताना

बेंगळुरूहून रात्रीची बस पकडली की सकाळी बेळगाव येतं. तिथून आंबोलीमार्गे सावंतवाडी सुमारे १०० किलोमीटर. भाद्रपदात या रस्त्याचा नूर वेगळाच असतो. आंबोलीला पोहोचेपर्यंत धुकं इतकं दाट होतं, की ड्रायव्हरने दिवसाढवळ्या दिवे लावले. मग घाट सुरू होतो आणि दरडीवरून पाण्याच्या धारा थेट रस्त्याकडेला उतरतात. घाट उतरलात की हवा बदलते, दमट होते. लाल माती, जांभ्या दगडाचे गडगे, माडाची झाडं दिसू लागतात, आणि आपण घरी आलो हे नाकाला आधी कळतं.

मुंबईहून येणाऱ्यांसाठी कोकण रेल्वे आहे. सावंतवाडी रोड हे स्टेशन शहरात नाही, मळगावात आहे. तिथून रिक्षाने शहरात यावं लागतं. चतुर्थीच्या आधी या गाड्यांची तिकिटं मिळवणं म्हणजे लॉटरीच. माझा चुलतभाऊ आणि वहिनी यंदा दाराशी बसून आले आणि तरीही खूश होते.

बाजार: अर्धा देवासाठी, अर्धा घरासाठी

चतुर्थीच्या आदल्या दिवशी वहिनी आणि मी सावंतवाडीच्या बाजारात गेलो. शहराच्या मधोमध मोती तलाव, त्याच्या काठाला राजवाडा, आणि थोडं चालत गेलं की बाजारपेठ. त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही कडांना आसपासच्या गावांतल्या बायका माटवीचं सामान घेऊन बसल्या होत्या.

माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट. गोव्यात तिला माटोळी म्हणतात. तिला रानातली आणि परसातली फळं-फुलं बांधतात. लालभडक कवंडळं, हरणं, कांगलं, सुपारीची शिपटी, नारळाची जोडी, तवशी, दोडकी, पांढऱ्या पानांचं शेरवड, गुलाबी तेरडा. त्या दिवसांत रानात जे जे पिकतं ते सगळं देवाच्या डोक्यावर येतं. दुकानातून आणलेली एकही गोष्ट नसताना ती चौकट अशी भरून दिसते, की बघत राहावं.

मी लगेच दोन जुड्या तेरडा आणि भरपूर कवंडळं घेतली. "टेबलासाठी," असं म्हणाले. वहिनीने मला कोपराने ढोसलं. "आधी देवाचं. माटवी बांधून उरलं तरच तुझ्या टेबलाला. आणि कवंडळ खायचं नसतं, पोरांच्या हाताला लागेल असं ठेवू नकोस." दोन्ही सूचना बरोबर होत्या. मी वहीत लिहून घेतल्या.

तिथून आम्ही चितारआळीत गेलो. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि लाकडी फळं इथली. पांगाऱ्याचं लाकूड हलकं असतं, म्हणून खेळण्यांसाठी ते वापरत आले आहेत. आंबा, सीताफळ, केळं, पेरू अशी रंगवलेली लाकडी फळं टोपलीत ठेवली, की पाहुणा एकदा तरी हात लावून बघतोच. मी एक रंगीत लाकडी ट्रे घेतला. खूप विचार करून, किंमत कमी करून घेतला. त्या ट्रेचं काय झालं ते पुढे सांगते.

राजवाड्यातले गोल पत्ते

सावंतवाडीला आलात तर राजवाडा चुकवू नका. तिसऱ्या खेमसावंतांच्या काळातली, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली ही वास्तू. दरबार हॉलमध्ये चित्रकार बसून गंजिफा रंगवतात आणि आपण जवळ उभं राहून बघू शकतो. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत १० अवतारांचे १० रंग, म्हणजे गट, आणि प्रत्येक गटात १२ पाने, असे एकूण १२० पत्ते असतात. त्यात एक राजा, एक वजीर आणि बाकी १ ते १० आकड्यांचे पत्ते. प्रत्येक अवताराची जमीन वेगळ्या रंगाची आणि खूण वेगळी. परशुरामाचा परशू, वामनाचा कमंडलू. पूर्वी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून हे पत्ते बनवत. ही कला जवळजवळ संपत आली होती, तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती पुन्हा उभी केली.

मी एका कलाकाराच्या मागे पाचेक मिनिटं उभी होते. त्याच्या तळहातावर मावेल एवढ्या गोलात तो मासा काढत होता. बारीक ब्रश, रेषेला थरथर नाही. आकडा लिहिलेला नाही, नाव लिहिलेलं नाही, तरी पत्ता कुणाचा ते खुणेवरून कळतं.

आणि तिथेच मला माझं टेबल सापडलं. मोठ्या समारंभात खुर्चीपुढे पाहुण्याच्या नावाची चिठ्ठी ठेवतात ना? आमच्या घरी निम्म्या पोरांना मराठी नीट वाचता येत नाही आणि म्हाताऱ्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही. मग नावाऐवजी खूण का नको? प्रत्येकाचा एक गोल पत्ता.

दाराचं टेबल

खरी अडचण घरी होती. टेबलाचा विषय काढताच काका म्हणाले, "आपल्या घरात पंगत मोडूची नाय." आजी तर त्यांच्या पुढे. "देवाच्या दिवसांत खुर्चेर बसान जेवूचा? लोकां काय म्हणतली?"

पंगत मोडायची माझीही इच्छा नव्हती. म्हणून आम्ही मधला मार्ग काढला. पंगत जमिनीवरच बसेल, आणि तिच्याच ओळीत, पडवीच्या टोकाला, एक टेबल लागेल. तीच वेळ, तीच पानं, तेच वाढप. ज्यांना खाली बसता येत नाही ते वर बसतील, पण बसतील सगळ्यांसोबत. काका काही बोलले नाहीत. आमच्या घरी याचा अर्थ 'करा काय करायचं ते' असा होतो.

माळ्यावर जुन्या घराच्या दाराची दोन सागवानी झडपं पडून होती. साडेसहा फूट लांब, प्रत्येकी पावणेदोन फूट रुंद. शेजारच्या सुताराकडून दोन घोड्या आणल्या. त्यावर झडपं शेजारी शेजारी टाकली, तर साडेतीन फूट रुंदीचं टेबल तयार झालं. उंची भरली साडेएकोणतीस इंच. साध्या खुर्चीला एवढीच उंची लागते. माणशी दोन फूट जागा धरली तर दोन्ही बाजूंना तीन-तीन आणि टोकांना एक-एक, अशी आठ माणसं आरामात बसतात. दोन्ही बाजूंना एकेक फूट पानासाठी गेलं, तरी मध्ये दीड फुटाची पट्टी सजावटीला आणि भांड्यांना उरली.

टेबलावर घालायला चादर शोधत होते, तेव्हा आजीनेच ट्रंकेकडे बोट दाखवलं. तिची जुनी सुती नऊवारी, गर्द हिरवी, काठ विटलेला. नऊवारी आठ मीटरपेक्षा लांब असते, त्यामुळे चार पदरी घडी करूनही ती टेबलभर पुरली आणि काठ दोन्ही टोकांना लोंबला. "हळदीचे डाग पडतील," मी म्हटलं. आजी म्हणाली, "पडांदेत. त्येच्येर आधीच कितके आसत."

कुणाची खूण काय?

पत्ते बनवायचं काम पोरांकडे दिलं. जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर वाटी उपडी ठेवून गोल कापले, आणि वॉटरकलरने खुणा रंगवल्या. काकांचा मृदंग, कारण रात्रीच्या भजनात तेच वाजवतात. शेजारच्या आजोबांची काठी. आत्याची शिवणयंत्राची चाकं. माझा लॅपटॉप, ज्याची चेष्टा अजून थांबलेली नाही.

आजीच्या पत्त्यावर माझ्या सहा वर्षांच्या पुतण्याने दवली काढली. दवली म्हणजे करवंटीचा, लाकडी दांड्याचा डाव. छान काढली होती, करवंटीचा तपकिरी रंगसुद्धा जमला होता. आम्ही सगळ्यांनी वाहवा केली. आजीने पत्ता हातात घेतला, लांब धरून पाहिला आणि हसत म्हणाली, "म्हणजे माका हंयसर पण वाढूकच बसवतास काय?"

ती हसली म्हणून सगळे हसले. मी हसता हसता थांबले. पोराचं काय चुकलं? त्याने आजीला जशी पाहिली तशी काढली. आम्ही सगळ्यांनीच तिला तशीच पाहिली आहे.

"मग आजी, तुला काय आवडतं ते सांग, ते काढतो," पुतण्या म्हणाला. आणि पडवीत बसलेल्या सात-आठ मोठ्या माणसांपैकी एकालाही उत्तर देता आलं नाही. बाबांनाही नाही. काकांना कोणती भाजी चालत नाही, मुंबईच्या भावाला खतखत्यात तिरफळ कमी लागतं, मला मोदक बिनतुपाचा लागतो, हे सगळं आजीला पाठ. तिला काय आवडतं हे आम्हाला माहीत नव्हतं.

आजी जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "खतखत्यातलो मक्याचो तुकडो. पण तो माझ्यापर्यंत खंय पावता?"

आमच्याकडचं खतखतं म्हणजे कंदमुळं, शेंगा, भाज्या आणि मक्याच्या कणसाचे तुकडे घालून केलेली, तिरफळाच्या वासाची पातळ भाजी. कणसाचे तुकडे पोरं पहिल्याच पंगतीत वेचून संपवतात. शेवटच्या पंगतीला कंद उरतात. पन्नासेक वर्षं आजी शेवटच्या पंगतीला बसत आली.

पुतण्याने नवीन पत्ता घेतला आणि पिवळंधमक कणीस काढलं.

चतुर्थीची दुपार

आरती झाली, नैवेद्य दाखवून झाला. पडवीत पाट मांडले, पानं घातली. मी टेबलावरची आठ पानं घातली आणि समाधानाने फोटो काढायला मागे सरकले. आजी दारातून म्हणाली, "गो, पानाचा टोक खंय केलंस?"

मी सगळी टोकं उजवीकडे केली होती. केळीच्या पानाचं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला असायला हवं. पानं फिरवली. मग आजी काठी टेकत आली आणि वाढप कसं करायचं ते तिने माझ्या दोन भावांना समजावलं. या वेळी वाढायला मुलगे होते. आधी मीठ, पानाच्या वरच्या बाजूला मधोमध. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, म्हणजे जे थोडं थोडं लावून खायचं ते. उजवीकडे भाज्या आणि उसळ, जे पुन्हा पुन्हा घ्यायचं ते. समोर भाताची मूद, त्यावर वरण, तूप. मला वाटलं, मी इतके लेख लिहिले, काटा-चमचा कुठे ठेवायचा ते शिकवलं, आणि टेबल मांडायचं हे शास्त्र माझ्याच घरात जमिनीवर मांडून ठेवलेलं होतं.

सजावट म्हणाल तर थोडीच. मधल्या पट्टीवर सुपारीची विरी उलगडून ठेवली, त्यावर माटवीतून उरलेली तवशी, नारळ आणि तेरड्याच्या काही काड्या. कवंडळं वहिनीच्या सूचनेप्रमाणे उंच, खिडकीत. सगळं वीतभर उंचीच्या आत, म्हणजे समोरच्याचं तोंड दिसतं. समई टेबलावर न ठेवता कोपऱ्यात ठेवली, कारण पंखा सुरू होता आणि जवळ पोरं होती.

एक चूक माझी. वाफाळत्या खतख्याचं पातेलं मी कौतुकाने त्या नव्या रंगीत ट्रेवर ठेवलं. उचललं तेव्हा ट्रेचा रंग पातेल्याच्या बुडाला आला होता. लाखेच्या रंगाच्या लाकडावर गरम भांडं ठेवू नये, एवढी साधी गोष्ट. आजीने न बोलता कापडाची चुंबळ करून पातेल्याखाली सरकवली.

पंगत बसली. श्लोक झाला. सगळे आजीकडे बघत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आणि सवयीने तोंडावर आलंच होतं, "तुमी जेवा..." पुतण्या ओरडला, "आजी, तुझं कणीस थांबलंय!"

कणसाचा पत्ता टेबलाच्या टोकाशी, हात असलेल्या खुर्चीपुढे होता. कुणा दुसऱ्याला तिथे बसता येत नव्हतं. ती आली. बसली. पदर सावरला, पाण्याचं भांडं सरळ केलं, शेजारच्या आजोबांच्या पानावर मीठ पडलंय का ते वाकून बघितलं. मग भावाने तिच्या पानावर खतखतं वाढलं, कणसाचे तीन तुकडे. तिने त्यातला एक उचलून पुतण्याच्या पानात टाकला. उरलेले दोन तिने खाल्ले, सावकाश, दाणा दाणा सोडवून. मी फोटो काढणार होते. काढला नाही. आजीला जेवताना बघत बसले.

जेवणं झाल्यावर काका टेबलाजवळ आले. मला वाटलं झडपं पुन्हा माळ्यावर टाका म्हणतील. त्यांनी हाताने एक घोडी हलवून बघितली, खाली लाकडाची पाचर ठोकली आणि म्हणाले, "ऱ्हवांदे थंयच. उद्या ऋषिपंचमीक लागतला." दुसऱ्या दिवशी त्या टेबलावर काकांसाठीही एक खुर्ची लागली. त्यांची कंबर गेलं वर्षभर दुखतेय हे आम्हाला तेव्हा कळलं.

तुमच्या घरी मांडायचं असेल तर

• टेबल विकत घ्यायची गरज नाही. जुनं दार, फळी, दोन घोड्या पुरतात. उंची २९-३० इंच आणि माणशी दोन फूट जागा धरा. वापरण्याआधी हलवून बघा, डगमगलं तर पाचर ठोका.

• वाढणाऱ्याला खुर्च्यांमागून फिरायला तीनेक फूट जागा सोडा. ज्येष्ठांना टोकाची, हात असलेली खुर्ची द्या. उठणं सोपं जातं.

• केळीचं पान पुसून चुलीवर किंवा गॅसवर किंचित शेकलं की फाटत नाही. टोक डावीकडे.

• मधली सजावट बुटकी ठेवा. उग्र वासाची फुलं अन्नाजवळ नकोत. खाण्याजोगी नसलेली फळं मुलांपासून दूर.

• गरम भांड्याखाली चुंबळ. रंगीत लाकडी वस्तू सुक्या पदार्थांसाठी, विड्याच्या पानांसाठी वापरा.

• नावाच्या चिठ्ठ्यांऐवजी खुणांचे गोल पत्ते करून बघा. मुलांना कामाला लावा. आणि खूण ठरवताना त्या माणसाला विचारा.

सावंतवाडीला जाणार असाल तर राजवाडा आणि चितारआळी एका दिवसात आरामात बघून होतात. सणाच्या दिवसांत मात्र जाण्याआधी चौकशी करा, कारण कलाकारही आपापल्या घरी गणपतीला गेलेले असतात.

मी बेंगळुरूला परतले तेव्हा बॅगेत रंग उडालेला ट्रे होता. तो आता माझ्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभा आहे. कणसाचा पत्ता मागितला, पण आजीने दिला नाही. तो तिच्या पानाच्या डब्यात, सुपारीशेजारी आहे.